निषिद्ध बेट निइहाऊ

काउआई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाइमेआ किंवा केकाहा या गांवांच्या वाळूंत संध्याकाळीं उभें राहिलें, म्हणजे दूर क्षितिजावर एक लांबट, काळसर आकृति दिसते. तें निइहाऊ बेट. मध्यें समुद्र अवघा सतरा मैलांचा. हवाई द्वीपसमूहांतील मोठ्या बेटांपैकीं हें सर्वांत पश्चिमेकडचें. दरवर्षीं लक्षावधि प्रवासी काउआईवर येतात, ही आकृति पाहतात, तिचीं छायाचित्रें घेतात, आणि तिकडे जाणारी नाव कोठून सुटते अशी चौकशी करतात. अशी नाव सुटत नाहीं. तें बेट एका कुटुंबाच्या खाजगी मालकीचें आहे, आणि त्या कुटुंबाच्या परवानगीवांचून तेथें राहणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणास जातां येत नाहीं. 'निषिद्ध बेट' हें टोपणनांव त्याला पडलें तें यामुळेंच.

तरीहि एक वाट आहे. बेटावरील आजारी माणसांना काउआईच्या इस्पितळांत तांतडीनें नेतां यावें म्हणून मालकांनीं एक हेलिकॉप्टर ठेवलें. त्याचा खर्च भागावा म्हणून १९८७ पासून त्यांतून मोजक्या पाहुण्यांना अर्ध्या दिवसापुरतें बेटावर उतरविण्याची प्रथा सुरू झाली. मुक्कामाची सोय नाहीं. उपाहारगृह नाहीं, दुकान नाहीं, डांबरी रस्ता नाहीं. सकाळीं जावयाचें आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतावयाचें, एवढीच मुभा.

हेलिकॉप्टर काउआईचा किनारा सोडतें आणि थोड्याच वेळांत समोर निइहाऊचे पूर्वेकडील उभे कडे येतात. बेटाची लांबी सुमारें अठरा मैल, रुंदी अधिकांत अधिक सहा मैल, आणि क्षेत्रफळ सुमारें ७० चौरस मैल. पानिआउ हा सर्वांत उंच माथा. तोहि १,२८१ फुटांचाच. ईशान्येकडून येणारे वारे आपला पाऊस आधीं काउआईच्या उंच डोंगरांवर रिता करतात. त्यांच्या आडोशाला पडलेलें हें ठेंगणें बेट त्यामुळें कोरडें राहिलें आहे. वरून तांबूस माती दिसते. 'किआवे' नांवाची कांटेरी झाडी दिसते, जी आपल्याकडील वेड्या बाभळीचीच भावंड आहे. आणि पाऊस झाला तर सरोवर, नाहीं तर चिखलाचें मैदान, असें हालालिइ नांवाचें विस्तीर्ण तळें दिसतें. उत्तरेस लेहुआ हा ज्वालामुखीनें घडविलेला चंद्रकोरीच्या आकाराचा निर्मनुष्य खडक समुद्रांतून वर आलेला आहे.

मग यान एखाद्या निर्जन पुळणीवर टेकतें. पाहुण्यांनीं पोहावें, वाळूंत पहुडलेल्या सीलांकडे दुरून पहावें, लाटांनीं टाकलेले बारीक शंख वेंचावे, बरोबर आणलेला फराळ करावा. कांहीं तासांनीं यान त्यांना पुन्हां उचलून नेतें. पश्चिम किनाऱ्यावर पुउवाई नांवाचें एकुलतें एक गांव आहे. हवाई भाषेंत पुउवाई म्हणजे हृदय. त्या गांवाकडे हें यान फिरकत नाहीं. ज्या माणसांमुळें या बेटाची एवढी ख्याति झाली, तीं माणसें पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाहींत, आणि बहुतेक पाहुणे बेट पाहिल्याच्या समाधानांत घरीं परततात.

बाहेरच्या माणसाला गांवापासून दूर ठेवण्याची ही रीत कोठून आली, याचा शोध घेतला तर तो थेट पहिल्या गोऱ्या माणसापर्यंत जाऊन पोंचतो. जानेवारी १७७८ मध्यें कॅप्टन कुक याचीं दोन जहाजें हवाई बेटांना प्रथम लागलीं. काउआईवरील वाइमेआ येथें उतरल्यानंतर वाऱ्यानें तीं निइहाऊकडे लोटलीं गेलीं. या बेटावर मीठ आणि सुरणाच्या जातीचे कंद चांगले मिळत, आणि लांबच्या सफरीला निघालेल्या खलाशांना दोन्ही हवे होते. आपल्या लोकांत गुप्तरोग आहेत हें कुक जाणून होता. म्हणून आजारी खलाशांनीं किनाऱ्यावरच्या स्त्रियांशीं संबंध ठेवूं नये असा त्याचा सक्त हुकूम होता. परंतु सामान आणण्यास गेलेलीं वीसएक माणसें लाटांच्या माऱ्यामुळें बेटावर अडकलीं आणि त्यांना तेथेंच दोन रात्री काढाव्या लागल्या. जें टाळावयाचें तेंच घडलें, अशी खंत कुकनें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेवली आहे. निघण्यापूर्वीं त्यानें बेटावर शेळ्या आणि डुकरें सोडलीं, आणि खरबूज, भोपळा, कांदा यांचें बीं दिलें. पुढील शंभर वर्षांत परक्या रोगांनीं या द्वीपसमूहांतील मूळच्या लोकांची संख्या लाखांच्या घरांतून पन्नास हजारांच्या आसपास आणून ठेवली. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे बेटाचीं दारें लावून घेणाऱ्यांचें पुढील म्हणणें अगदींच निराधार वाटत नाहीं.

१८१० मध्यें काउआई आणि निइहाऊ हीं बेटें पहिल्या कामेहामेहा राजाच्या सत्तेखालीं गेलीं आणि सारा द्वीपसमूह एका राज्याखालीं आला. जमीन विकत घ्यावी, विकावी, ही कल्पना मात्र त्या राज्यांत नव्हती. जमीन राजाच्या हातीं, तिची व्यवस्था सरदारांकडे आणि तिची कसणूक रयतेकडे, असा परंपरेचा क्रम होता. १८४८ मध्यें पाश्चात्य सल्लागारांच्या विचारानें राजा, सरदार आणि सरकार यांच्यांत जमिनीची वांटणी झाली. रयतेच्या वांट्याला शेवटीं आलेली जमीन एक टक्क्याहूनहि कमी भरली. १८५० च्या कायद्यानें परदेशीयांना जमीन खरेदी करण्याची मोकळीक मिळाली. एक सबंध बेट माणसांसकट बाजारांत येऊं शकलें तें या दोन गोष्टींमुळें.

गिऱ्हाईक निघालें तें एक विधवा आजीबाई. एलिझाबेथ सिंक्लेर ही मूळची स्कॉटलंडची. पतीबरोबर ती न्यूझीलंडमध्यें येऊन राहिली. १८४६ मध्यें पति समुद्रांत नाहींसा झाला. त्यानंतर तिनें मुलांना वाढविलें, शेतीभाती सांभाळली, आणि साठी उलटल्यावर मुलें, जांवई, नातवंडें असा सारा गोतावळा एका जहाजांत घालून ती नव्या जमिनीच्या शोधांत निघाली. कॅनडाचा पश्चिम किनारा तिला मानवला नाहीं. १८६३ मध्यें जहाज होनोलुलूस लागलें. तेथें दाखविलेल्या इतर जागा बाजूस सारून कुटुंबानें निइहाऊची निवड केली, आणि जानेवारी १८६४ मध्यें पांचव्या कामेहामेहा राजाकडून दहा हजार डॉलरांना जवळजवळ सबंध बेट विकत घेतलें. खरेदीपूर्वीं बेट पाहिलें तें पावसानंतरचें, हिरवेंगार. एकदोन उन्हाळ्यांत खरें रूप कळून आलें, आणि १८६५ मध्यें काउआईवर माकावेली येथील पाणथळ, सुपीक जमीन घेऊन कुटुंबाचें मुख्य बिऱ्हाड हळूहळू तिकडे हललें. निइहाऊ मेंढ्यांचें आणि गुरांचें कुरण झालें; मालक समुद्रापलीकडे, रयत अलीकडे.

या कुटुंबांत एक आठवण परंपरेनें सांगण्यांत येते. खरेदीच्या वेळीं राजानें म्हणे असें बजावलें, कीं आज हवाईचे लोक आपल्या देशांत समर्थ आहेत, परंतु ते तसे राहणार नाहींत असा दिवस येईल. तेव्हां त्यांना तुमच्याकडून होईल तें साह्य करा. पुढील दीडशे वर्षें कुटुंबानें आपल्या प्रत्येक निर्बंधाचें समर्थन या शब्दावर केलें आहे. आठवण खरी असो वा नसो, वचन देणारा आणि घेणारा एवढे दोघेच त्यांत आहेत. ज्यांच्याविषयीं हें वचन, त्या कुटुंबांना या व्यवहारांत कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. पुष्कळांनीं विक्रीनंतर बेट सोडलें.

जे राहिले त्यांच्यापैकीं एका स्त्रीचा आवाज मात्र आजहि शाबूत आहे, आणि तो कागदावर नाहीं. निइहाऊच्या दलदलींत 'माकालोआ' नांवाची एक नाजूक लव्हाळी उगवे. तिच्या चटया हवाई बेटांत सर्वांत मऊ आणि सर्वांत मौल्यवान मानल्या जात. सरदार-दरकदार त्यांच्यावर निजत. त्या विणण्यांत निइहाऊच्या बायकांचा हात धरणारें कोणी नव्हतें. त्यांपैकीं कलाइ नांवाच्या एका स्त्रीनें एक मोठी चटई विणली आणि तिच्यांत नक्षीच्या जागीं तांबूस काड्यांनीं अक्षरें विणलीं, ओळीमागून ओळ. तें राजाला केलेलें निवेदन होतें: रयतेवरील करांचा बोजा हलका करावा. १८७४ मध्यें कालाकाउआ गादीवर आला आणि ही चटई त्याला नजर करण्यांत आली. अर्ज वाचून फाडून टाकतां येतो. अंथरुणावर विणलेला अर्ज राजानें कोठें टाकावा? तिचा कर माफ झाला कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. अक्षर ओळखणारी, राजाला शब्द ऐकविणारी ही बाई ज्या बेटावर होती, त्या बेटाचे रहिवासी भोळे, अजाण, आणि म्हणून कोणीतरी सांभाळण्याजोगे होते, हें मत तिची चटई पाहणाऱ्याला पटणें कठीण आहे. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत ती जपून ठेवलेली आहे.

राजानें वर्तविलेला दिवस लौकरच आला. १८९३ मध्यें साखरमळ्यांच्या हितसंबंधी गोऱ्यांनीं अमेरिकी नौसैनिकांच्या छायेंत राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलें. १८९६ मध्यें शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असा कायदा झाला. १८९८ मध्यें सारीं बेटें अमेरिकेंत विलीन करण्यांत आलीं. घरांत हवाई भाषा बोलणाऱ्या मुलांना शाळेंत शिक्षा होऊं लागल्या, आणि दोनतीन पिढ्यांत ती भाषा आजोबा-आजींपुरती उरली. १९१५ च्या सुमारास सिंक्लेरबाईंचा नातू ऑब्री रॉबिन्सन यानें निइहाऊ बाहेरच्या लोकांना जवळजवळ बंद केलें. नातेवाईकांनाहि परवानगी काढावी लागे.

येथें एक विलक्षण गोष्ट घडली. बाकीच्या बेटांवर भाषा विझत असतां या एका बेटावर ती चालत राहिली. मुलें तींत रडलीं, भांडलीं, प्रार्थना म्हणूं लागलीं. १८३९ मध्यें पूर्ण झालेलें हवाई बायबल तेथें घरोघर वाचलें जाई. इतकेंच नव्हे, तर मिशनऱ्यांनीं १८२० नंतरच्या दशकांत छापखान्याच्या सोयीसाठीं ज्या ध्वनींना काट मारली, ते निइहाऊच्या बोलींत टिकून राहिले. छापील भाषा जेथें 'क' म्हणते तेथें निइहाऊचा माणूस पुष्कळदां 'त' म्हणतो. कुलपामुळें भाषा वांचली असें सांगण्याचा मोह येथें होतो. कुलपानें इंग्रजी बोलणारा शेजारी बाहेर ठेवला हें खरें. भाषा मात्र आयांनीं आणि प्रार्थनामंदिरांतल्या वडीलधाऱ्यांनीं चालविली, आणि त्यांचीं नांवें खरेदीखतांत नाहींत.

बंद दाराची परीक्षा १९४१ मध्यें झाली. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला करून परतणारें एक जपानी झीरो विमान पेट्रोलच्या टाकीला गोळी लागल्यामुळें निइहाऊवर कोसळलें. जपानी आरमाराच्या समजुतीप्रमाणें हें बेट निर्मनुष्य होतें, आणि निकामी झालेल्या विमानांनीं तेथें उतरावें, पाणबुडी त्यांना उचलून नेईल, असा बेत होता. वैमानिक शिगेनोरी निशिकाइची उतरला तो हाविला कालेओहानो याच्या घराजवळ. बेटावर टेलिफोन नव्हता आणि युद्ध सुरू झाल्याची कोणाला कल्पना नव्हती. कालेओहानोनें मात्र सावधपणें त्याचें पिस्तूल आणि कागदपत्र आधीं काढून घेतले, आणि मग अतिथीला शोभेल अशी त्याची सरबराई झाली. त्या दिवशीं गांवानें त्याला जेवण दिलें, गाणीं म्हटलीं. रात्रीं हल्ल्याची बातमी गांवांत पोंचली तेव्हां पाहुणा कैदी झाला.

मालक आयल्मर रॉबिन्सन दर आठवड्याला नावेनें काउआईहून येत असे. त्याच्या स्वाधीन कैद्याला करावें, एवढेंच लोकांना सुचलें. परंतु युद्धामुळें नावांच्या येण्याजाण्याला बंदी झाली होती, आणि नाव आली नाहीं. लोक धक्क्यावर जाऊन वाट पाहत राहिले. पांच दिवस गेले. बेटावर जपानी वंशाचीं तीन माणसें होतीं. त्यांपैकीं काउआईवर जन्मलेला योशिओ हारादा वैमानिकाला फितूर झाला. १२ डिसेंबरला त्या दोघांनीं पहारेकऱ्याला कोंडलें, शस्त्रें मिळविलीं, विमानाला आग लावली आणि कागदांच्या शोधांत कालेओहानोचें घर जाळलें. गांवकरी रानांत पळाले. कालेओहानो आणि त्याचे सोबती रात्रीं नावेंत बसले आणि सुमारें दहा तास वल्हीं मारून वाइमेआला पोंचले. मदत येण्यापूर्वींच, १३ तारखेला, बेन कानाहेले आणि त्याची पत्नी एला यांना त्या दोघांनीं ओलीस धरलें. झटापटींत वैमानिकानें कानाहेलेवर तीन गोळ्या झाडल्या. जखमी कानाहेलेनें त्याला उचलून दगडी भिंतीवर आपटलें आणि नवराबायकोनीं मिळून त्याचा शेवट केला. हारादानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. हारादाची पत्नी इरेने पुढें १९४४ पर्यंत कैदेंत होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाखाहून अधिक जपानी वंशाच्या निरपराध लोकांना १९४२ मध्यें छावण्यांत डांबण्यांत आलें, त्या निर्णयाच्या समर्थनार्थ या एका प्रकरणाकडे बोट दाखविणारे लोक आजहि आढळतात. एका माणसाच्या करणीवरून लाखाचा न्याय करणें सोपें असतें. कानाहेले आणि कालेओहानो यांना सरकारनें पदकें दिलीं.

पुढें १९५९ मध्यें हवाईनें अमेरिकेच्या संघांत पूर्ण राज्य म्हणून जावें काय, यावर मतदान झालें. सुमारें अडीचशे मतदान केंद्रांपैकीं फक्त एकानें 'नाहीं' म्हटलें. तें निइहाऊ: ७० विरुद्ध १८. कोणी म्हणतात, मालकांच्या मताप्रमाणें रयतेनें मत दिलें. तसेंहि असेल. परंतु कलाइची चटई आठवली म्हणजे हे सत्तर लोक स्वतःच्या बुद्धीनें 'नाहीं' म्हणूं शकत नव्हते असें गृहीत धरणें धाडसाचें वाटतें.

त्यानंतरचें वर्तमान थोडक्यांत असें. लोक घरभाडें देत नाहींत. पावसाचें पाणी सांठवून वापरतात. घोडा किंवा सायकल हें वाहन. मेंढ्या, गुरें, मध, कोळसा यांवर चालणारें मालकांचें कुरण तोट्यांत जाऊन १९९९ मध्यें बंद पडलें. शाळेला २००७ पासून सूर्यप्रकाशावर चालणारी वीज मिळाली. उत्पन्नाचें एक साधन उरलें आहे तें वाळूंतल्या शंखांचें. हिंवाळ्यांतील लाटा तांदळाएवढे, मोहरीएवढे रंगीत शंख किनाऱ्यावर आणून टाकतात. बायका आणि मुलें पोटावर पडून ते वेंचतात, एकेकाला भोंक पाडतात आणि रंगानुसार निवडून त्यांच्या माळा ओंवतात. एका माळेसाठीं हजारों शंख आणि कित्येक महिने लागतात. उत्तम माळेची किंमत हजारों डॉलर होते. नकली माल वाढल्यामुळें 'निइहाऊ' हें नांव अशा दागिन्यांना केव्हां लावावें यावर हवाई राज्यानें २००४ मध्यें कायदा केला. पाहुणा गंमत म्हणून जे शंख खिशांत घालतो, ती कोणाची तरी मजुरी आहे.

मालकीवर आक्षेप घेणारे याला विसाव्या शतकांत टिकून राहिलेली सरंजामशाही म्हणतात. मालक आपलें वचन पुढें करतात. त्यांत आणखी एक गोष्ट मिळवावी लागते: बाहेरच्याला आंत येण्याची मनाई असली, तरी आंतल्याला बाहेर जाण्याची मनाई नाहीं, आणि लोक जात आहेत. शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, औषधपाण्यासाठीं कुटुंबें काउआईवर राहतात. कांहीं जातात आणि पुन्हां येतात. २०१० च्या शिरगणतींत बेटावर १७० माणसें मोजलीं गेलीं. २०२० च्या शिरगणतींत ८४.

या जाण्यायेण्यांतूनच एक अनपेक्षित गोष्ट निर्माण झाली. १९७८ मध्यें हवाई भाषेला राज्यघटनेनें अधिकृत भाषेचें स्थान दिलें, परंतु लहान मुलांशीं ती सहज बोलणारीं माणसें आणावयाचीं कोठून हा प्रश्न होता. तिला पुन्हां मुलांच्या तोंडीं बसविण्यासाठीं 'पूनाना लेओ' म्हणजे 'भाषेचें घरटें' या नांवाच्या बालशाळा निघाल्या. त्यांपैकीं पहिली १९८४ मध्यें उघडली ती होनोलुलूंत नव्हे, तर काउआईवरील केकाहा या गांवीं. कारण निइहाऊहून आलेलीं कुटुंबें तेथें राहत होतीं आणि त्यांच्या घरांत ती भाषा चालू होती. हेलिकॉप्टरनें समुद्र ओलांडून जाणाऱ्या पाहुण्याला निइहाऊचा माणूस भेटत नाहीं. पलीकडे केकाहाच्या दुकानांत, त्या संध्याकाळच्या वाळूपासून थोड्याच पावलांवर, कदाचित् तो आधींच शेजारीं उभा असतो, आणि 'क'च्या जागीं 'त' म्हणत आपल्या मुलाला हांक मारीत असतो.